पुण्याच्या पेठांतून फूड वॉक काढायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये चालत खाण्याची सफर, म्हणजे फूड वॉक, सुरू करायचा आहे. दहा ठिकाणांची यादी तयार आहे (मिसळ, वडापाव, पोहे, साबुदाणा वडा, भेळ, बाकरवडी, खरवस, थाळी, चहा, मस्तानी). रविवारी अकराला शनिवारवाड्यापासून निघायचं आणि तीन तासांत पंधरा जणांना फिरवून आणायचं. यादी बरोबर आहे का, दुकानदारांकडून कमिशन मागावं का, आणि परदेशातून आलेल्या पाहुण्यांना कसं सांभाळावं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

यादीतली निम्मी ठिकाणं उडवा. रविवार उडवा. अकराची वेळही उडवा.

आता कारणं. दहा ठिकाणी माणूस खाऊ शकत नाही. चौथ्या प्लेटीनंतर लोक खात नाहीत, चिवडतात. सहाव्या ठिकाणी पहिला माणूस ‘मी बाहेर थांबतो’ म्हणतो आणि थाळीपाशी पोचेपर्यंत निम्मा ग्रुप रिक्षा शोधत असतो. दुसरं म्हणजे तुमची यादी पुण्याची आहे, पण तिच्यातली चार-पाच ठिकाणं उचलून ठाण्यात किंवा नाशकात ठेवली तरी काही बिघडत नाही. वडापाव, पोहे, भेळ पुण्यात उत्तम मिळतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी कुणाला पेठेतून चालवायची गरज नाही. प्रत्येक थांब्याला मी एकच प्रश्न लावतो: हे इथेच का? उत्तर देता आलं तर थांबा ठेवायचा. ‘कारण ते फेमस आहे’ हे उत्तर धरायचं नाही.

हा प्रश्न लावायला लागलात की एक गंमत होते. ज्याला आपण अस्सल पुणेरी म्हणतो, त्यातलं बरंचसं बाहेरून आलेल्या माणसांनी उभं केलंय. अमृततुल्यवाले, म्हणजे चहाची जुनी दुकानं चालवणारे, राजस्थानातून आले. दगडूशेठ हलवाई मूळचे कर्नाटकातले. चितळ्यांचा दुधाचा धंदा 1939 साली सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत सुरू झाला आणि पुण्यातलं दुकान 1950 चं. खाणावळी चालल्या त्या गावोगावहून शिकायला आलेल्या पोरांवर. हे ऐकून पुणेकर पाहुण्यांच्या भुवया वर जातात आणि तिथून वॉक खरा सुरू होतो. बाहेरच्या पाहुण्यांपेक्षा कोथरूडहून आलेल्या पुणेकरांना माझ्या वॉकमध्ये जास्त मजा येते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मी जो मार्ग वापरतो तो सांगतो. तसाच्या तसा उचलू नका, पण क्रमामागचा विचार बघा.

सकाळी आठला कसबा गणपतीपाशी जमायचं. आता मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन झाल्यामुळे लोकांना यायला सोपं पडतं. 2024 च्या सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, त्यात कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्टेशनं आली. आधी पार्किंग शोधण्यात लोकांचा अर्धा तास आणि सगळा मूड जायचा. पाहुण्यांना बजावून सांगा की गाडी आणू नका.

कसब्यात पहिली वीस मिनिटं काहीही खायचं नाही. उपाशीपोटी चालल्याने भूकही लागते आणि माणसं ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. ग्रामदैवत, लालमहाल, मग शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बाहेरून. आत जायचं नाही. आत तासभर जातो आणि मुख्य वाडा 1828 च्या आगीत गेलेला असल्याने बघायला जोती आणि कारंजी उरली आहेत. ‘काका मला वाचवा’ची गोष्ट कुणीतरी काढणारच. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, एवढं सांगून पुढे सरकायचं. भुताच्या गोष्टीवर वॉक नेला की तो परत खाण्यावर येत नाही.

त्याऐवजी वाड्यासमोरच्या पटांगणाकडे बोट दाखवा. शहराची भाजी मंडई पूर्वी या मोकळ्या जागेत भरायची. उन्हापावसात, धुळीत. मग नगरपालिकेने दक्षिणेला दगडी इमारत बांधली, 1886 मध्ये ती सुरू झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट झाली. त्या इमारतीवरच्या खर्चाला पालिकेतल्या ज्या सभासदाने विरोध केला होता ते जोतीराव फुले. आज त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. इथून मंडईपर्यंत आपण जो शिवाजी रस्ता चालणार आहोत, तोच हा बाजार सरकल्याचा रस्ता. हे पटांगणात उभं राहून सांगितलं आणि तासाभराने मंडईचा मनोरा दिसला की लोक स्वतःच जोड लावतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

पहिला थांबा चहाचा. शिवाजी रस्त्याच्या आसपास आणि सोन्या मारुती चौकाकडे जुनी अमृततुल्यं आहेत. तिथे ग्रुपला बाहेर फुटपाथवर उभं करू नका. चार-चार जणांना आत न्या आणि फक्त बघायला सांगा. ओट्यावर मांडी घालून बसलेला चहावाला, पुढ्यात पितळी पातेलं, बाजूला खलबत्त्यात ठेचलेलं आलं आणि वेलची. दूध, साखर, चहा एकत्र उकळतं. उतू जायला आलं की तो ओगराळ्याने वर उचलून पुन्हा खाली सोडतो. मग ओगराळ्यातला थेंब तळहातावर टाकून जिभेला लावतो, मान हलली की फडक्यातून गाळायचं. ग्राहक बदलतात, पण हा थेंब दर पातेल्याला होतोच. हे दोन मिनिटं शांतपणे बघू द्या. त्या वेळी तुम्ही बोलू नका. गाइडला गप्प बसणं जमत नाही, पण या थांब्याला जमवा.

चहाबरोबर क्रीमरोल घ्यावासा वाटेल. दोघांत एक, त्याहून जास्त नाही. पुढे मिसळ आहे.

मग दगडूशेठवरून बेलबाग चौकाकडे. दगडूशेठला दर्शनासाठी ग्रुप थांबवला तर पाऊण तास गेला असं समजा. ज्यांना जायचंय त्यांनी वॉक संपल्यावर जावं, हे आधीच सांगून ठेवा. मी एवढंच सांगतो की ज्या हलवायाचं नाव देवाला लागलं असा गणपती दुसरीकडे शोधून दाखवा. पेढ्याचं नाव देवावरून पडतं, इथे उलटं झालंय. मंगळवार, संकष्टी आणि विशेषतः अंगारकीला हा रस्ता चालण्यालायक नसतो. कॅलेंडर बघितल्याशिवाय तारीख देऊ नका.

मिसळ नवाच्या सुमारास, तुळशीबागेत. मी श्रीकृष्ण भुवनात नेतो. नारायण पेठेतले बेडेकर निवडलेत तरी हरकत नाही, फक्त मार्ग वळवावा लागेल. कोल्हापूरची माणसं ग्रुपमध्ये असली की इथे वाद पेटतो आणि तो पेटू द्यावा. पुण्याच्या मिसळीत पोहे असतात, बटाट्याची भाजी असते, चिवडा असतो, रस्सा सौम्य, काही ठिकाणी चक्क गोडसर, आणि बेडेकरांकडे पावाऐवजी स्लाइस. कोल्हापूरकराला ही मिसळच वाटत नाही. त्याला सॅम्पल मागवून द्या. वरून लागणाऱ्या रश्श्याला इथे सॅम्पल म्हणतात हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं, त्यामुळे ‘सॅम्पल आणा’ म्हटल्यावर फुकट चव बघायला मिळणार असं समजून ते खूश होतात.

हे इथेच का? तुळशीबागेचं राममंदिर पेशवाईतलं, पण त्याभोवतीचा बाजार बायकांचा. भांडी, बांगड्या, संसाराच्या बारीकसारीक वस्तू. खरेदीला आलेल्या बाईला पूर्वी हॉटेलात एकटीने बसणं अवघड होतं. देवळाच्या आवारालगतचं छोटं उपाहारगृह ही त्यातल्या त्यात चालणारी जागा. आजही तिथल्या टेबलांवर पिशव्या घेऊन बसलेल्या आज्या-सुना दिसतात. बघायला सांगा, फोटो काढू देऊ नका.

तिखट न चालणाऱ्यांसाठी युक्ती: रस्सा वेगळ्या वाटीत मागवा. आधी कोरडं चाखायचं, मग चमच्याने भिजवायचं. एका प्लेटीत दोघं. भूक पुरते आणि पुढचं खाणं शिल्लक राहतं.

तिथून मंडई पावलांवर आहे. इथे एकही प्लेट नाही आणि माझ्या मते सबंध वॉकमधला हा सर्वांत मोठा थांबा आहे. तुमच्या यादीत तो नाही, म्हणून जरा रेंगाळतो.

मंडईची इमारत मधे अष्टकोनी, वर मनोरा, आणि चहूबाजूंना फाकलेल्या शाखा. वर बघत चालणारा माणूस खालच्या टोपलीला धडकतो, म्हणून आधी एका कडेला उभं करून वर बघून घ्यायला सांगा. मग आत. ओट्यावर बसलेल्या बायका आणि त्यांच्यापुढे रचलेली भाजी हे दृश्य सुपरमार्केटमध्ये वाढलेल्या मुलांना नवीन असतं. पण नुसतं फिरवू नका. एका पालेभाजीवर थांबा. हिवाळ्यात मी चाकवत धरतो. ज्या मावशींकडून मी घरची भाजी घेतो त्यांच्याकडेच ग्रुपला नेतो. त्या जुडीतलं एक पान उलटं करून पाहुण्याच्या बोटावर घासतात. पानाच्या मागे पिठासारखी पांढरी भुकटी असते, ती बोटाला लागते. ‘हे लागलं तर चाकवत, नाही लागलं तर घेऊ नका,’ असं म्हणतात आणि लगेच पातळभाजी कशी करायची ते सुरू होतं: ताकात डाळीचं पीठ कालवायचं, शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे, वरून लसणीची फोडणी. शिकागोहून आलेल्या एका ताईंनी ते सगळं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि मग चाकवत तिकडे मिळत नाही म्हणून पालकाचं चालेल का, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘चालंल की, पण मग त्याला पालक म्हणा.’

उन्हाळ्यात अर्थात आंबा. पावसाळ्यात अळू आणि सीताफळाची सुरुवात. पुरंदरच्या अंजिरांना भौगोलिक मानांकन आहे आणि सासवड-दिवे भागातून ती इथे ताजी पोचतात. अंजीर सोललेलं नसतं, धुतलेलं नसतं, म्हणून पाण्याची बाटली आणि छोटा सुरा जवळ ठेवा. मंडईच्या आसपास भाजलेले शेंगदाणे-फुटाणे मिळतात. गरम पुडी सगळ्यांना एकेक मूठ वाटली की पुढची पंधरा मिनिटं कुणी भुकेचं नाव काढत नाही.

भाजीवालीकडून काहीतरी विकत घ्याच. आठ माणसं घेऊन तिच्या ओट्यापुढे दहा मिनिटं उभं राहायचं, तिची गिऱ्हाइकं अडवायची आणि ‘थँक यू मावशी’ म्हणून निघायचं, हे मला पटत नाही. मी दोन-तीन जुड्या घेतो आणि वॉक संपल्यावर पाहुण्यांना वाटतो.

इथून बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. लाकडी खांबांचा दर्शनी भाग बाहेरून बघा, पाच मिनिटं. जवळच चितळे. बाकरवडीला पूर्ण थांबा देऊ नका. अडीचशे ग्रॅमचं पाकीट घ्यायचं, वाड्याच्या सावलीत उभं राहून एकेक खायची आणि एकच गोष्ट सांगायची: हा घरगुती, हाताने वळायचा पदार्थ यंत्रावर नेऊन त्याची चव सांभाळली, तेव्हा तो पेठेतून बाहेर पडून विमानाने जाऊ लागला. दुकान दुपारी एक ते चार बंद असण्याचा विनोद पाहुणे स्वतः करतील. तुम्ही करू नका. चितळ्यांनी 2017 मध्येच दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि विनोद मात्र अजून चालूच आहे. लहान दुकानांची दुपारची सुट्टी मात्र खरी असते, म्हणूनच वॉक साडेअकरा-बाराच्या आत संपवायचा.

आता सदाशिव पेठ. इथे मी दहा-बारा मिनिटं न थांबता चालवतो आणि चालता चालता बोलतो. विषय: भूक.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी आणलं, जागोजागी हौद बांधले आणि या बाजूची वस्ती वाढली. पुढे शाळा-कॉलेजं आली आणि खेड्यापाड्यांतून गरीब मुलं शिकायला यायला लागली. राहायला कुठेतरी कोपरा मिळायचा, जेवणाचं काय? मग सात घरी सात वार लावायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी. 1909 मध्ये इथे अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं (आजचं पुणे विद्यार्थी गृह), तिथली मुलंही माधुकरी मागून शिकली. ज्यांना नोकरी लागली, चार पैसे हातात आले, ते खाणावळीत जायला लागले. टिळक रस्त्यावरची बादशाही बोर्डिंग 1932 सालची. कूपन, नंबर लावणं, वाढप्याचा वेग, भिंतीवरच्या सूचना, हे सगळं घरापासून दूर राहणाऱ्या एकट्या पुरुषांच्या जेवणासाठी घडलेलं आहे. पुणेरी पाट्यांना हसणाऱ्या पाहुण्यांना मी इथे सांगतो की भिंतीवरचा ‘अन्न टाकू नये’ हा मजकूर वार लावून जेवलेल्या माणसाने लिहिला असेल तर तो वेगळा वाचावा लागतो. ग्रुपमध्ये साठी-सत्तरीचे कुणी असतील तर ते इथे बोलायला लागतात. आजोबा वार लावून शिकले, कुणाच्या घरी काय वाढायचे, कुठे ताक पातळ असायचं. तेव्हा तुम्ही मागे व्हा आणि त्यांना बोलू द्या.

थाळी मात्र वॉकमध्ये नको. खाणावळीत बसायचं म्हणजे भरपेट जेवायचं, तो वेगळा दिवस. ज्यांना हवंय त्यांना वेळ आणि पत्ता सांगा.

कुमठेकर रस्त्यावर स्वीट होममध्ये साबुदाण्याची खिचडी, दोघांत एक. इथेच का, याचं उत्तर जरा वाकड्या वाटेने येतं. हा उपासाचा, सोवळ्यातला पदार्थ. आता त्यातलं एकेक मोजा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा आणि मिरचीही अमेरिकेतल्याच, पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेल्या. साबुदाण्याचे कारखाने मोठ्या संख्येने तमिळनाडूत सेलमकडे. एकादशीच्या ताटलीत तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर आपलं असं फारसं काही उरत नाही. हे सांगितल्यावर एखादे काका नाराज होतात. त्यांना म्हणायचं, सातासमुद्रापलीकडचे चार जिन्नस गोळा करून त्यांना उपासाला चालवून घेणं हे काम पेठेनेच केलं, आणि ते सोपं नव्हतं.

शेवट निंबाळकर तालमीपाशी सुजाता मस्तानी. दुधातला आंब्याचा घट्ट शेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. बाजीराव-मस्तानीच्या दंतकथा इथे सर्रास सांगितल्या जातात. सांगू नका. हा विसाव्या शतकातला, फ्रीज आल्यानंतरचा प्रकार आहे, पेशव्यांशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. तसंच बटाटावडा, मिसळ पेशव्यांच्या पंगतीत असायची असं कुणी म्हणालं तर हसून विषय बदला. बाहेरून आलेल्या पाहुण्याला खोटी गोष्ट कळत नाही हे खरं, पण दुकानदाराला कळते, आणि तुम्ही रोज त्याच्याच दारात जाणार आहात. दुकान उघडायची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

एकूण अंतर अडीच-तीन किलोमीटर. वेळ साडेतीन तास. एवढ्यात पाच चवी आणि एक मंडई.

या मार्गावर माझाच एक आक्षेप आहे आणि तो तुम्हीही घेतला पाहिजे. हा पश्चिमेच्या पेठांचा, शाकाहारी, दूध-साखरेचा मार्ग आहे. यालाच ‘पुण्याचं खाणं’ म्हणून विकणं लबाडी आहे. शिवाजी रस्त्याच्या पूर्वेला रविवार, नाना, भवानी, गणेश आणि आताची महात्मा फुले पेठ आहे. तिथे बोहरी आळी, भोई आळी, मोमीनपुरा आहे, फुलेवाडा आहे, लक्ष्मीनारायण चिवडा तिथूनच निघाला. रमजानच्या संध्याकाळी मोमीनपुऱ्यात जे खाणं मिळतं त्याला तुमच्या यादीतलं काहीही शिवू शकत नाही. तिथला वॉक वेगळा काढा, संध्याकाळी काढा आणि त्या भागातला माणूस बरोबर घ्या. दोन्ही भाग एका सकाळी कोंबू नका. आषाढात पालख्या मुक्कामाला येतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत वॉक नाही. त्या वेळी पेठा वारकऱ्यांना जेवू घालत असतात. हातभार लावायचा असेल तर वाढायला जा.

कसब्यातली तांबट आळी मी लहान ग्रुपला जास्तीचा अर्धा तास देऊन दाखवतो. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके मारून खळग्यांची नक्षी उठवतात त्याला मठारकाम म्हणतात. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून जे सांगायचं ते आळीच्या तोंडाशीच सांगून घ्या. अमृततुल्यचं पातेलं आणि घरचा बंब बघितलेल्या माणसाला तिथे काही समजावावं लागत नाही.

आता पैशांचं. कमिशन मागू नका. पेठेतला दुकानदार तुमच्या ग्रुपवर जगत नाही. रविवारी त्याच्याकडे तुमच्याशिवायच रांग असते, त्याच्या दृष्टीने तुम्ही टेबलं अडवणारी माणसं आहात. पूर्ण दर द्या आणि पाहुण्यांसमोर द्या. आदल्या दिवशी सांगा, ‘काका, आठ जण, सव्वानऊला, चार मिसळ, एक बिनतिखट.’ वेळ पाळा. महिनाभर असं केलंत की कोपऱ्यातलं टेबल तुमचं होतं आणि वाढपी न सांगता रस्सा वेगळा आणतो. कमिशन घेतलं असतं तर तो दुकानदार कधीतरी तुम्हाला सांगून गेला असता, की तुमच्या माणसांना लवकर उठवा. खाण्याचे सगळे पैसे तुमच्या फीमध्येच धरा. दर थांब्याला पाकिटं बाहेर निघाली की गप्पा तुटतात. अ‍ॅडव्हान्स घ्या, नाहीतर पावसाचा एक शिंतोडा पडला की निम्मे येत नाहीत.

माणसं आठ. फार तर दहा. पंधरा माणसं शिवाजी रस्ता ओलांडेपर्यंत पहिला माणूस पुढच्या चौकात पोचलेला असतो. सोमवारी पेठेतली बरीच दुकानं बंद असतात, रविवारी गर्दी, म्हणजे बुधवार ते शनिवार तुमचे. गणेशोत्सवाचे दहा दिवस सोडून द्या. एप्रिल-मे मध्ये साडेसातला निघा.

बुकिंग घेतानाच विचारायची एक गोष्ट: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. आपल्याकडे हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही, पण परदेशात वाढलेल्या मुलांमध्ये ती आढळते आणि ती जीवघेणी ठरू शकते. पेठेच्या खाण्यात शेंगदाणा कूट म्हणून, चटणीत, खिचडीत, तळणीच्या तेलात, कुठेही असतो. ‘यात नाही ना?’ असं विचारल्यावर मिळणाऱ्या ‘नाही हो’वर विसंबू नका. एकाच कढईत, एकाच चमच्याने सगळं होतं. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर मी सरळ नकार देतो आणि पैसे परत करतो. दूध न चालणाऱ्यांना मात्र सांभाळता येतं: चहा आणि मस्तानी वगळायची, खिचडीत तूप आहे का विचारायचं. उपास असलेले पाहुणेही विचारून घ्या, एकादशी-चतुर्थीला निम्मं ग्रुप मिसळ नाकारू शकतो.

स्वच्छतागृह हा ज्येष्ठांचा आणि बायकांचा पहिला प्रश्न असतो आणि संकोचाने कुणी विचारत नाही. कुठल्या थांब्यावर सोय आहे ते निघतानाच जाहीर करून टाका. मिसळीच्या आणि खिचडीच्या थांब्यावर आधी बोलून ठेवा. पाण्याची सीलबंद बाटली प्रत्येकाच्या हातात द्या. हँड सॅनिटायझर, कागदी रुमाल, दोन जास्तीचे चमचे आणि एक कापडी पिशवी, एवढं तुमच्या खांद्याला. रिकामे कप आणि पुड्या त्या पिशवीत.

पहिले काही वॉक ओळखीच्यांना घेऊन काढा, पण त्यांच्याकडूनही पैसे घ्या. फुकट आलेला माणूस खरं सांगत नाही. आणि निघण्यापूर्वी एकदा एकटेच, घड्याळ लावून, रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालून बघा. सकाळी दहानंतर कुठल्या फुटपाथवर ऊन येतं हे गुगल मॅप सांगत नाही.